मुलांच्या हाती पुस्तक, बाईंच्या हाती काय?

कॅनडातल्या टोरोंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन या पट्ट्यात शनिवार-रविवारी मराठीचे वर्ग भरतात. शिकवणाऱ्या बहुतेक मुलांच्या आयाच. काही बाबा, क्वचित एखादे आजोबा. कुणी बँकेत नोकरी करतं, कुणी फार्मसीत, कुणी सॉफ्टवेअरमध्ये. मोबदला कुणी घेत नाही. फेब्रुवारीत गाडीवरचा बर्फ खरवडून, झेरॉक्सचा गठ्ठा काखोटीला मारून ही माणसं वर्गावर हजर होतात. मुलांकडे पुस्तक असतं, वही असते, वर्षाअखेर परीक्षा असते. पण वाचता न येणारं मूल वाचू लागतं तेव्हा नेमकं काय घडतं, ते कोणत्या क्रमानं घडतं आणि मूल अडलं तर कशापाशी अडलं हे कसं ओळखायचं, हे या शिकवणाऱ्या आईला कुणीच सांगितलेलं नसतं. तिला मराठी येतं, म्हणून ती उभी राहते. मराठी येणं आणि मराठी वाचायला शिकवता येणं यांत फार मोठं अंतर आहे.

माझी मागणी एका वाक्यात सांगते. मुलांसाठी आणखी एक पाठ्यपुस्तक काढण्याआधी शिकवणाऱ्यांसाठी एक पुस्तक काढा.

मी इथल्या सरकारी शाळांमध्ये बदली शिक्षिका आहे आणि शनिवारी मराठी शिकवते. आठवड्याचे पाच दिवस इंग्रजी वाचन आणि सहाव्या दिवशी मराठी, असं दोन्ही हातांनी काम करताना जे दिसतं त्यावरून हे लिहिते आहे. गेल्या काही वर्षांत ऑन्टारियो प्रांताला वाचनाच्या बाबतीत जो धडा शिकावा लागला, तो मराठी माणसांनी समजून घ्यावा असं मला फार वाटतं. मिसिसागातल्यांनी घ्यावा, तसा साताऱ्यातल्यांनीही.

धड्याची सुरुवात ब्रिटिश कोलंबिया या दुसऱ्या प्रांतात झाली. नॉर्थ व्हँकुव्हरच्या जेफ्री मूर या मुलाला डिस्लेक्सिया होता. त्याला ज्या केंद्रात मदत मिळाली असती, ते तिथल्या शाळा मंडळानं खर्च कमी करण्यासाठी बंद केलं. वडिलांनी मानवी हक्कांच्या कायद्याखाली तक्रार केली. प्रकरण वर्षानुवर्षं चाललं आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं मुलाच्या बाजूनं निकाल दिला. न्यायमूर्ती रोझाली अबेला यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा गाभा असा, की अशा मुलाला मिळणारी विशेष मदत ही चैन नव्हे. सगळ्यांसाठी उघड्या असलेल्या शिक्षणाचा दरवाजा त्या मुलापुरता उघडणारी ती गोष्ट आहे. त्या निकालाच्या आधारावर ऑन्टारियोच्या मानवी हक्क आयोगानं ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रांतातल्या वाचनशिक्षणाची जाहीर चौकशी सुरू केली. आठ शाळा मंडळं तपासली. त्यांत पील मंडळही होतं, म्हणजे मिसिसागा आणि ब्रॅम्प्टन, जिथे आपली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. शिक्षक घडवणारी विद्यापीठंही तपासली. २८ फेब्रुवारी २०२२ रोजी अहवाल आला. नाव ‘राइट टू रीड’, शिफारशी १५७.

त्या अहवालातला एक आकडा सांगते. २०१८-१९ च्या प्रांतिक चाचणीत तिसरीची २६ टक्के मुलं वाचनाच्या ठरलेल्या पातळीला पोचली नव्हती. विशेष गरजा असलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण ५३ टक्के होतं. हा श्रीमंत प्रांत आहे. शाळांना वाचनालयं आहेत, वर्गात पुस्तकांचे डबेच्या डबे आहेत, शिक्षक पदवीधर आणि प्रशिक्षित आहेत, एकट्या टोरोंटो शहरात सार्वजनिक वाचनालयाच्या शंभर शाखा आहेत. तरीही चारातलं एक मूल मागे पडत होतं.

कारण काय? शिक्षक आळशी नव्हते. त्यांच्या हाती जे दिलं होतं तेच चुकीचं होतं. प्रांताचा अभ्यासक्रम, शिक्षकांसाठीच्या मार्गदर्शक पुस्तिका आणि विद्यापीठातली व्याख्यानं, सगळीकडून एक पद्धत शिकवली जात होती: शब्द अडला तर मुलाला चित्राकडे बघायला सांगा, वाक्यात काय बसेल याचा अंदाज करायला सांगा, पहिलं अक्षर बघून ताडायला सांगा. अक्षरांमधून आवाज आणि आवाजांमधून शब्द उलगडायला मात्र शेवटी, जमल्यास. मी अशा वर्गांत उभी राहिले आहे. ए पासून झेड पर्यंत पातळ्या पाडलेली पातळ पुस्तकं डब्यांत लावलेली असायची. ‘मला कुत्रा दिसतो, मला मांजर दिसते’ अशा एकाच साच्याची वाक्यं, आणि बदलणारा शब्द चित्रात. मूल दुसऱ्या पानापासून अक्षरांकडे न बघता अख्खं पुस्तक म्हणून दाखवी. ‘हॉर्स’ छापलेलं असताना ‘पोनी’ म्हणालं तरी अर्थ जुळला म्हणून पुढे जायचं. पहिलीत हे खपून जातं. तिसरी-चौथीत चित्रं जातात, विज्ञानाचे आणि इतिहासाचे शब्द येतात, आणि मग हे हुशार, बोलकं मूल एकाएकी गप्प होतं. पुढे टोरोंटोच्याच ओआयएसई या शिक्षणसंस्थेत आलेले मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्येच लिहून ठेवलं होतं, की लवकर वाचू लागलेलं मूल जास्त वाचतं म्हणून आणखी पुढे जातं, उशिरा शिकणारं वाचन टाळतं म्हणून आणखी मागे पडतं, आणि दरवर्षी दोघांतली दरी रुंदावते.

सप्टेंबर २०२३ पासून प्रांतात पहिली ते आठवीचा नवा भाषा अभ्यासक्रम लागू झाला. अंदाजाची पद्धत गेली. ध्वनी आणि अक्षरांचं पद्धतशीर शिक्षण आलं. बालवर्गाच्या दुसऱ्या वर्षापासून दुसरीपर्यंत प्रत्येक मुलाची वाचनाची प्राथमिक तपासणी सक्तीची झाली. आणि स्थलांतरित घरांच्या दृष्टीनं मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अहवालानं ठासून सांगितली: घरी दुसरी भाषा बोलली जाते या सबबीखाली मुलाची तपासणी किंवा मदत पुढे ढकलायची नाही. ‘इंग्रजी अजून पक्कं नाही, थांबा, येईल हळूहळू’ हे वाक्य कितीतरी मराठी, पंजाबी, तमीळ आयांनी ऐकलेलं आहे. वर्षं गेली ती त्या वाक्यात.

पण शासनानं आदेश काढला म्हणून शिक्षिकेला सोमवारी सकाळी वेगळं शिकवता येत नाही. तिच्या हाती वेगळं पुस्तक लागतं. ते इथे आलं, आणि मुबलक आलं. टोरोंटोच्या उत्तरेला मार्कम शहरात पेम्ब्रोक नावाचं प्रकाशन आहे. ते शिक्षकांनी शिक्षकांसाठी लिहिलेली पुस्तकंच काढतं. बदलीवर जाते तिथल्या बऱ्याच वर्गांत आता फ्लोरिडा विद्यापीठातलं ‘यूफ्लाय फाउंडेशन्स’ हे जाडजूड पुस्तक बाईंच्या टेबलावर दिसतं. त्यात १२८ पाठ आहेत आणि प्रत्येक पाठाच्या आठ पायऱ्या. आधी कानानं आवाज जोडायचे आणि तोडायचे, मग मागचं अक्षर बघून म्हणायचं, मग आवाज ऐकून ते लिहायचं, मग नवीन ओळख, मग शब्दांत एकेक अक्षर बदलत जायचं, शेवटी फक्त शिकवलेल्याच अक्षरांतला छोटा उतारा. बाईंनी काय बोलायचं, मूल काय म्हणेल, चुकलं तर कसं दुरुस्त करायचं, हे सगळं लिहिलेलं. मी सकाळी अनोळखी वर्गात शिरते, खूण घातलेलं पान उघडते, आणि या मुलांना कालपर्यंत काय येतंय ते मला कळलेलं असतं. शिक्षिकेवर एवढा विश्वास आणि तिची एवढी काळजी मी दुसऱ्या कोणत्या पुस्तकात पाहिलेली नाही.

आता शनिवारकडे येते.

मराठी वर्गात आलेलं आठ वर्षांचं मूल इंग्रजी वाचत असतं. छापलेल्या खुणांमधून बोलणं निघतं, ही वाचनातली सर्वांत अवघड गोष्ट त्याला आधीच कळलेली आहे. हे त्याचं मोठं भांडवल. साताऱ्यातल्या सहा वर्षांच्या मुलापेक्षा ते अक्षरं भराभर उचलू शकतं. पण त्याच्या अडचणी त्या मुलाच्या नसतात. त्या ओळखायला वेगळी नजर लागते.

‘क’ आणि ‘ख’ घ्या. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘क’ हवेचा झोत घेऊनच बाहेर पडतो. ‘कॅट’ म्हणताना ओठांपुढे तळहात धरा, वारा लागेल. त्यामुळे इथे वाढलेल्या कानाला कार आणि खार हे एकाच शब्दाचे दोन उच्चार वाटतात. बाई म्हणतात, ‘नीट ऐक.’ मूल नीटच ऐकत असतं; तो फरक ऐकण्याचं वळणच त्या कानाला पडलेलं नसतं. तीच गत दार आणि धार यांची, गडी आणि घडी यांची. इंग्रजीतला ‘टी’ धड आपला ‘त’ नाही आणि धड ‘ट’ही नाही, म्हणून ‘ताक’ आणि ‘टाक’ एकच होतात. इथे अक्षर गिरवून काही उपयोग नाही. आधी काही आठवडे निव्वळ ऐकण्याचे खेळ हवेत: मी दोन शब्द म्हणते, वेगळे वाटले तर टाळी वाजव.

मग वेलांटी. इंग्रजीत डावीकडून जे आधी दिसतं ते आधी म्हणायचं, ही सवय हाडीमाशी मुरलेली. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते आणि नंतर उच्चारतात. मूल ‘कि’ला ‘इक’ म्हणतं. ते त्याच्या नियमानं अगदी बरोबर वाचत असतं, आणि वर्गात मात्र निष्काळजी ठरतं. मग ‘कमळ’ मध्ये ‘अ’ कुठे लिहिलाय, हा प्रश्न. तो फार शहाणा प्रश्न आहे. प्रत्येक व्यंजनात दडलेला ‘अ’ आणि शब्दाच्या शेवटी न उच्चारला जाणारा ‘अ’, हे दोन्ही आपण कधी कुणाला शिकवत नाही, कारण ते आपल्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आपण ते घरातल्या बोलण्यातून घेतलं. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतले दोन ‘च’ वेगळे, खूण मात्र एकच. आणि ‘र’ची रूपं तर पाहा: सूर्यावरचा रफार, ‘प्र’मधली तिरकी रेघ, ‘ट्र’खालची खूण आणि ‘वाऱ्या’तला चंद्रकोरीसारखा र. चार रूपं, चार जागा, आणि त्यातला सूर्यावरचा रफार तर लिहायचा एका अक्षरावर आणि उच्चारायचा त्याच्या आधी.

यातलं काहीच अवघड नाही, कुणी आधी सांगितलं तर. शनिवारच्या आईनं दर वर्षी नव्यानं हे शोधून काढायचं, मग तिचं मूल मोठं झालं की तिनं वर्ग सोडायचा आणि पुढच्या आईनं पुन्हा पहिल्यापासून शोधायचं, याला मी कष्टांची नासाडी म्हणते.

क्रमाचाही प्रश्न आहे. आपण अजून अ, आ, इ, ई पासून निघतो. बारा स्वर पाठ झाले तरी मुलाला ‘आई’ आणि ‘ऊ’ यांपलीकडे फारसं काही वाचता येत नाही, कारण सुटे स्वर मराठी शब्दांत बहुधा सुरुवातीलाच येतात, बाकी सगळं काम काना-मात्रा करतात. त्याऐवजी म, ल, क ही तीन अक्षरं आणि एक काना घ्या. पहिल्याच दिवशी मुलासमोर एवढं लिहिता येतं: मामाला काम. काकाला काम. मला? माझ्या वर्गात हे वाचून मुलांनी उत्तरं दिली आहेत. तीन अक्षरांत वाचणं झालं, समजणं झालं आणि बोलणंही झालं. ‘ऋ’ ऋषीचा आणि ‘ज्ञ’ ज्ञानेश्वरांचा सावकाश येऊ द्या.

वाचन म्हणजे अक्षरांची उकल गुणिले भाषेची समज, असं फिलिप गफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये मांडलं. बेरीज नव्हे, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. इथलं मूल ‘विहीर’ हा शब्द अक्षरशः बिनचूक वाचतं आणि त्याच्या डोळ्यांपुढे काहीही उभं राहत नाही. ‘परसदार’, ‘शेणसडा’, ‘ओसरी’, धडे अशा शब्दांनी भरलेले. म्हणून शिकवणाऱ्याच्या पुस्तकाचा निम्मा भाग बोलण्याचा आणि ऐकण्याचा असला पाहिजे: मुलाला वाचता येतं त्यापेक्षा बरंच वरचं पुस्तक मोठ्यानं वाचून कसं दाखवायचं, कुठे थांबायचं, कोणते तीन शब्द आधी उलगडायचे, काय विचारायचं. नुसती अक्षरं घोटली तर आपणही ऑन्टारियोच्या उलट दिशेनं तीच चूक करू.

आणि हा परदेशातल्या मुलांपुरता प्रश्न नाही. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात वारली, कातकरी, ठाकर घरांतली मुलं मराठी शाळेत येतात तेव्हा पुस्तकातली मराठी त्यांनाही घरची नसते. अझीम प्रेमजी विद्यापीठानं २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला भारतीय भाषांमधल्या साक्षरतेचा अभ्यास वाड्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये तीन वर्षं मुलांच्या मागे राहून झाला. अक्षरं गिरवणं, बाराखडी म्हणणं, फळ्यावरचं उतरवून घेणं यात वेळ जातो आणि अर्थाशी मुलाची गाठ फार उशिरा पडते, हे त्यात तपशिलानं आलं आहे. कन्नडवर काम करणाऱ्या सोनाली नाग यांनी २००७ मध्येच दाखवलं होतं, की आपल्यासारख्या लिपीतली सगळी अक्षरं पक्की व्हायला मुलांना चौथी-पाचवीपर्यंत वेळ लागतो. हिशेब सोपा आहे: चौतीस व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडीतली बारा रूपं, म्हणजे चारशेच्या वर खुणा; जोडाक्षरं आणखी वेगळी. इंग्रजी शिकवण्याचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलून चालणार नाही, आणि ‘पहिलीत सगळी अक्षरं’ हा हट्टही चालणार नाही.

याच वाडा तालुक्यात सोनाळे इथे ‘क्वेस्ट’ ही नीलेश निमकर यांनी २००७ मध्ये सुरू केलेली संस्था आहे. तिथे मराठी वाचन शिकवण्याचा, शिक्षक तयार करण्याचा आणि मागे पडलेल्या मोठ्या मुलांना ‘अनुपद’सारख्या कार्यक्रमातून वर आणण्याचा प्रत्यक्ष अनुभव साठलेला आहे. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी, अमेरिकेत जन्मून भारताचं नागरिकत्व घेतलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी, दलित वस्तीतल्या मुलांना शिकवता शिकवता मराठी वाचनाचा विचार केला आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन उभं राहिलं. म्हणजे मराठीत हे ज्ञान नाही असं मुळीच नाही. ते काही तालुक्यांत आहे, काही माणसांच्या हातांत आहे. मिसिसागाच्या आईच्या टेबलावर नाही, आणि जिथे अशी संस्था पोचली नाही अशा तालुक्यातल्या गुरुजींच्या टेबलावरही नाही.

मराठीत शिक्षकांसाठी चांगली पुस्तकं आहेतच. गिजुभाईंचं ‘दिवास्वप्न’, ‘तोत्तोचान’, सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांचं ‘टीचर’, हे सगळं मराठीत आलेलं आहे आणि त्यांनी कितीतरी माणसांना शिक्षणाकडे वळवलं. मलाही वळवलं. पण आपलं कपाट प्रेरणेनं भरलेलं आहे आणि कारागिरीच्या बाबतीत रिकामं आहे. चांगली शिक्षिका कशी असते हे वाचून मन भरून येतं. उद्या दहा ते साडेदहा या वेळात जोडाक्षर कसं शिकवायचं हे त्यातून कळत नाही. मुलांसाठी माधुरी पुरंदरे यांनी केलेली ‘वाचू आनंदे’ आणि ‘लिहावे नेटके’ ही पुस्तकं या कारागिरीच्या सर्वांत जवळ जातात. ज्योत्स्ना प्रकाशनाचे ते संच इथे मराठी घरांत मी आवर्जून मागवायला लावते. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी फुकट मिळतात, छापताही येतात. कच्चा माल आहे. तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या मुलाला, कसा द्यायचा हे सांगणारं कुणी नाही.

एकोणिसाव्या शतकात आपण याबाबतीत जास्त गंभीर होतो. शाळामास्तरांसाठी ‘मराठी शालापत्रक’ हे मासिक निघत होतं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ते चालवलं, मग विष्णुशास्त्र्यांनी, आणि १८७५ मध्ये ते बंद पडलं. मराठी गद्याचे दोन थोर लेखक शिक्षकांसाठी लिहीत होते, ही गोष्ट आज विश्वास बसू नये अशी वाटते.

इथल्या पालकांचे आक्षेप मला तोंडपाठ आहेत. पहिला: मुलं मराठी बोलली तरी पुरे, वाचायचं कशाला? बोलणं आधी, यात वाद नाही. पण दहा-अकरा वर्षांचं झालं की मुलाचं बोलणं जेवणखाण, शाळा, ‘कोट घाल’, ‘लवकर ये’ एवढ्यावर थबकतं. नवे शब्द घरातल्या तीन माणसांकडून येऊन येऊन किती येणार? ते पुस्तकातूनच येतात. दुसरा आक्षेप: इंग्रजी मागे पडेल. याला उत्तर टोरोंटोतच मिळालेलं आहे. ओआयएसईचे जिम कमिन्स यांनी १९७९ पासून हेच मांडलं, की एका भाषेत कमावलेली वाचनाची आणि विचाराची ताकद दुसऱ्या भाषेत उतरते. मिसिसागाच्या थॉर्नवूड पब्लिक स्कूलमध्ये पहिलीच्या मुलांनी आईवडिलांना हाताशी घेऊन इंग्रजी आणि घरची भाषा अशी दोन्हींत पुस्तकं लिहिली, तो प्रयोग त्यांच्या सहभागानं झाला. ऑन्टारियोनं १९७७ पासून वारसा भाषांच्या वर्गांना पैसा दिला. आठवड्याला अडीच तास, आणि १९८९ पासून पंचवीस मुलांच्या पालकांनी मागणी केली तर मंडळानं वर्ग काढलाच पाहिजे असा नियम झाला. दार उघडं आहे. आत जाऊन शिकवणाऱ्याची तयारी आपली आपण करायची आहे.

तिसरा आक्षेप शिक्षकांकडून येतो आणि तो मला वजनदार वाटतो: शब्द न् शब्द लिहून दिलेला पाठ शिक्षिकेला यंत्र बनवतो. इथेही काही शिक्षक हे बोलतात. वीस वर्षं शिकवलेल्या बाईंवर असं पुस्तक लादलं तर त्यांचा अपमान होतो, मान्य. पण जिनं आयुष्यात कधी कुणाला वाचायला शिकवलेलं नाही, जिला आठवड्यातून एकदा दोन-अडीच तास मिळतात आणि जिच्या वर्गात पाच वर्षांचं मूल आणि अकरा वर्षांची मुलगी शेजारी बसतात, तिला ‘तुमच्या प्रतिभेनं शिकवा’ असं सांगणं ही तिची कदर नव्हे. तिला आधी चालण्याजोगी वाट द्या. ती सरावली की स्वतःहून आडवाटा धरील.

बृहन्महाराष्ट्र मंडळानं उत्तर अमेरिकेतल्या मराठी शाळांना एक सामाईक अभ्यासक्रम दिला, पुण्याच्या भारती विद्यापीठाशी परीक्षा जोडल्या. विखुरलेल्या शाळांना त्यामुळे एक शिस्त आली, हे फार मोठं काम आहे. पुढचं पाऊल म्हणून हे पुस्तक त्यांनी हाती घ्यावं. एकट्यानं नाही, वाड्यातल्या आणि फलटणमधल्या अनुभवी शिक्षकांना सोबत घेऊन. देवनागरी वाचायला शिकवताना कुठे मूल अडतं हे त्यांना ठाऊक आहे, आणि इंग्रजीला सरावलेला कान कुठे चकतो हे इथल्या आयांना. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या निमित्तानं संशोधनाला आणि समारंभांना पैसा मिळेल. त्यातला थोडा या पुस्तकाला मिळावा, ही मागणी मी महाराष्ट्र शासनाकडे जाहीरपणे करते. भाषेचं वय दोन हजार वर्षं सिद्ध झालं. ती वाचू शकणारी सात वर्षांची मुलं तयार करणंही शासनाचंच काम आहे.

पुस्तक सर्पिल बांधणीचं असावं, म्हणजे टेबलावर उघडं पडून राहील. परवाना खुला असावा, म्हणजे सिडनीतल्या किंवा बेळगावातल्या बाई हवं ते पान छापून घेतील. प्रत्येक पाठ चाळीस मिनिटांत संपावा. वर्षाच्या सुरुवातीला आणि मध्यावर करायची पाच मिनिटांची तपासणी त्यात असावी: कोणते आवाज ऐकू येतात, कोणती अक्षरं येतात, न शिकवलेला साधा शब्द जोडता येतो का. ज्या मुलाला दोन्ही भाषांत अडचण येते आहे त्याच्या आईवडिलांना शाळेत जाऊन काय विचारायचं, हेही एका पानावर असावं. ‘थांबा, येईल हळूहळू’ असं कुणी म्हणालं तर ‘राइट टू रीड’ अहवालाचा दाखला कसा द्यायचा, तेसुद्धा. आणि छापण्याआधी मसुदा वर्षभर काही वर्गांत वापरून पाहावा, अगदी नवख्या आईच्या हाती द्यावा. ती जिथे अडेल ते पान पुन्हा लिहावं.